सात गाठींचा दोर

चामोर्शी, रविवार, ८ जानेवारी १९५६

दुकानात एक जाडजूड वही दोन वर्षे पडून आहे. पहिली चार पाने उंदरांनी चाखली, बाकीची शाबूत. गिऱ्हाईक हात लावीत नाही, तेव्हा म्हटले आपणच वापरावी. चामोर्शीत वह्या-पुस्तकांचे दुकान माझे, नागपूरच्या दैनिकाची एजन्सी माझी, आणि त्याच दैनिकाचा वार्ताहरही मीच. बातमी लिहायची मी, छापून आलेला गठ्ठा सोडायचा मी, आणि बातमी कुणाला झोंबली तर शिव्या खायच्या त्याही मीच.

पण आज शिव्या नाहीत, कौतुक आहे. तिसऱ्या पानावर माझी बातमी ठळक आली: एटापल्लीच्या जंगलात नरभक्षक वाघ, लाकूडतोडीवरचे दोन मजूर ठार. भैयाजी ठेकेदारांचा मुकादम रामाजी चहाच्या दुकानात भेटला होता, त्याने सगळे सांगितले. 'डरकाळीने सारे रान दणाणले' हे वाक्य माझ्या पदरचे. वाघ आहे म्हटल्यावर डरकाळी असणारच. वर 'आमच्या वार्ताहराकडून' एवढेच छापतात, नाव नसते. तरी आज निम्मे गाव दुकानावरून हळूच माझ्याकडे पाहत गेले. बरे वाटले.

त्याच अंकात दिल्लीच्या नव्या कायद्याची माहिती आहे. श्रमिक पत्रकारांना कामाचे तास, रजा वगैरे. सौ. इंदूला वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्यात तुमच्यासारख्याइचं काई हाय का जी?" म्हटले, बाहेरगावच्या वार्ताहराचे नक्की कळत नाही. "अन् वाघानं धरलं तर?" म्हटले, वाघाचे कलम नाही. दोघेही खूप हसलो.

रविवार, ५ फेब्रुवारी

आज जेवण गेले नाही. म्हणजे दोन भाकरी गेल्या, पण चव कळली नाही.

इंदू बाजारातून आली. मग चारोळी निवडता निवडता म्हणाली, "वाघ नोताच म्हनते."

"कोण म्हणते?"

"चारोळीवाली सुकरी. लाकडाची थप्पी घसरली. दोघं खाली दबून मेले, तिसऱ्याचा पाय गेला. थप्पीले खुंट्याच ठोकल्या नोत्या."

मी म्हणालो, बाजारातल्या गप्पांवर बातमी होत नाही. तिने मान वर न करता विचारले, "तुमची बातमी कुठून आली होती जी? चहाच्या दुकानातूनच ना?"

थप्पी घसरली म्हटले असते तर आधाराच्या खुंट्या का नव्हत्या, असे कुणीतरी ठेकेदाराला विचारले असते. वाघाला कोण विचारतो! आणि हा वाघ भैयाजींनी सोडलेला नाही. तो मी सोडला, डरकाळीसकट. फार लाज वाटली. अजून वाटते आहे.

बुधवार, १५ फेब्रुवारी

जायचे ठरवले. स्वतः पाहिल्याशिवाय आता एक ओळ लिहायची नाही.

भीती वाटते हे इथे लिहायला हरकत नाही, ही वही दुसरे कुणी वाचत नाही. तिकडच्या एका वार्ताहराने मागे याच ठेकेदाराविरुद्ध लिहिले. तो हात मोडून घेऊन घरी आला आणि आता बैलगाडीवरून पडलो म्हणतो. लिहीत काही नाही.

म्हणून मी सोंग घेऊन जाणार. चूर्णवाला! हिंगाष्टकाचे डबे घेऊन गावोगाव हिंडणारा माणूस कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. इंदूला यातले काही सांगितलेले नाही, उगाच काळजी करील. शाळांना पुस्तके लागतात का, हे विचारायला एटापल्लीकडे जातो, एवढेच सांगितले आहे. शिवाय माझ्या पोटासाठी थोडे चूर्ण करायला सांगितले.

रविवार, २६ फेब्रुवारी

आज निघालो. इंदूने 'थोडे' चूर्ण म्हणून चार डबे भरून दिले. माझ्या पोटाची एवढी काळजी! शिवाय जुना कोट ठिगळ लावून दिला, शाईपेन काढून घेतले आणि शिसपेन्सिलीचा तुकडा दिला. "शाई सांडते जी रस्त्यानं," म्हणाली. खरेच, चूर्णवाल्याच्या खिशाला शाईपेन शोभले नसते. तिला ठाऊक नसताना तिच्या हातून बरोबर तेच झाले.

सकाळी बाजारात ती त्या सुकरीशी तासभर कुजबुजत होती. मूठभर चारोळीसाठी बायका एवढी घासाघीस कशी करतात, देव जाणे. नशीब माझे, की सुकरीचा भाऊ इसरू नेमका आजच आपल्या गावी जायला निघाला होता. म्हणाला, "चाला भाऊ, संगतीनं जाऊ."

बुधवार, २९ फेब्रुवारी

चालणे मानवते आहे. पोटाचा घेर निश्चित कमी झाला. सकाळी आंबील, दुपारी भात आणि अंबाडीची भाजी, झाडाखाली तासभर आडवे होणे. चूर्ण कुणी घेत नाही, कारण इथे कुणाचे पोट बिघडत नाही. मीच खातो.

एक गोष्ट मात्र जाच करते. एकट्याला दहा पावले चालू देत नाहीत. इसरूच्या गावातून निघालो तर तोच कुऱ्हाड घेऊन मागे. म्हटले, कशाला येता, वाट मला ठाऊक आहे. हसतो आणि चालतो. पुढच्या गावाच्या शिवेवर त्या गावचा माणूस आधीच उभा असतो. त्यालाही कुऱ्हाड. इसरूच्या कमरेला सालीचा दोर होता. त्याने त्याला एक गाठ मारली, दोर नव्या माणसाच्या हातात दिला आणि माघारी वळला. पुढच्या गावी पुन्हा तेच. गाठ कसली, विचारले. "गिनती हाय भाऊ," एवढेच उत्तर.

मी प्रत्येकाला तंबाखू देतो, तिचीच मोजदाद ठेवत असावेत. मोठी व्यवस्थित माणसे आहेत.

शुक्रवार, २ मार्च

काल लाकूडडेपो पाहिला. थप्प्यांना नव्या कोऱ्या खुंट्या ठोकलेल्या आहेत. एका जागी जमीन दबलेली, साल सोललेले ओंडके आडवेतिडवे पडलेले. सगळे डोळ्यांत भरून घेतले, लिहिले काही नाही.

रामाजी मुकादम तिथेच होता. मला ओळखले नाही! दाढी वाढलेली, अंगात ठिगळाचा कोट. त्याने एक पुडी चूर्ण घेतले, बरोबरच्या मुनीमाला दिले आणि म्हणाला, "वैद्यबुवा, लवकर घरी जा. इकडं वाघ लै हाय. कागद-पेन्सिल घेऊन फिरनाऱ्याले तर आधी धरते." पेन्सिलीचे नाव त्याने का काढले कळेना. पण माणूस स्वभावाने वाईट नसावा.

आज दसरूकडे गेलो. ज्याचा पाय गेला तो हा. विशी-बाविशीचा, मांडीपासून पुढे काही नाही. मोहाच्या झाडाखाली बसून दोर वळत होता. त्याने न अडखळता सगळे सांगितले. सकाळची वेळ, थप्पी उंच झालेली, खुंट्या मागितल्या तर मुकादम म्हणाला उद्या. मंगरू आणि त्याचा धाकटा भाऊ खालच्या बाजूला होते. ओंडके निघाले ते थांबलेच नाहीत.

"मंगरूची बाई तुमच्याच बाजारात चारोळी इकते ना," दसरू म्हणाला. "सुकरी."

इंदू हे मला बोलली नव्हती. दर रविवारी त्या बाईच्या टोपलीतून माझ्या घरी चारोळी येते, आणि तिच्या नवऱ्याला मी वाघाच्या तोंडी दिले होते.

मग दसरूने विचारले, "गुरुजीनं कागद वाचला होता आमाले. त्यात वाघाचा आवाज बी होता. कोनं आयकला होता, भाऊ?"

सोंगाचे भान राहिले नाही. म्हणालो, "कुणीच नाही. मीच लिहिला."

मी मान खाली घातली. वाटले, आता हाकलून देईल. त्याने वळलेला दोर बाजूला ठेवला, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाला, "आता बिना आवाजाचं लिहा."

नाव टाकू का, विचारले. "टाका. मले काय भेव!" म्हणाला. त्याचे नाव, गाव सगळे टिपून घेतले. बातमीला आता पाया आहे.

सोमवार, ५ मार्च

परतीला लागलो. जाताना गाडीवाटेने आलो होतो, आता हे लोक मला नाल्यातून, बांबूतून, कुठून कुठून नेताहेत. म्हटले, सरळ रस्ता सोडून इकडून कशाला? तर म्हणे सावली आहे. माझी पांढरी टोपी काढून घेतली आणि डोक्याला मळकट पंचा बांधला. पाहुण्याचा मान करायची यांची रीत असेल, म्हणून मी नाही म्हणालो नाही.

आज तर दिवसभर चालूच दिले नाही. गावात पूजा आहे, परक्याने बाहेर दिसायचे नाही, असे सांगून सोमारी नावाच्या म्हातारीच्या घरात धान साठवायच्या ढोल्यामागे बसवले. दुपारी बाहेर घोड्याच्या टापा आणि ओळखीचा आवाज! रामाजी विचारत होता, "तो चूर्नवाला कुठी गेला?" बिचाऱ्याचे पोट दुखत असणार. डबा घेऊन उठलो, तर म्हातारीने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि दाराला पाठ लावून बसली. बाहेर कुणीतरी म्हणत होते, "तो त कालच भामरागडच्या बाजूले गेला." घोडा त्या दिशेने गेला. पूजेच्या दिवशी औषध विकलेले चालत नसावे. पूजा मात्र मला कुठे दिसली नाही, ढोलही वाजला नाही.

म्हातारीने मोहफुले भाजून दिली. त्यांच्यासारखे गोड काही गेल्या कित्येक वर्षांत खाल्ले नाही. मजेत झोप लागली.

मार्कंडा, शनिवार, १० मार्च. महाशिवरात्र

काय लिहू! गेल्या पंधरा दिवसांचा शहाणपणा आज एका दमात उतरला.

शेवटचा सोबती इतवारी. साठीचा, बोलणे बेताचे. त्याने मला जत्रेच्या गर्दीतून थेट मार्कंड्याला आणले. देवळाकडे लोकांची रीघ, वैनगंगेच्या वाळूत बैलगाड्यांचे गाव वसलेले. मी म्हणालो, आता मी घरचा झालो, तुम्ही जा. तो थांबलाच नाही. मला मागे टाकून सरळ घाटाकडे गेला. तिथे इंदू उभी होती आणि तिच्याशेजारी सुकरी.

इतवारीने कमरेचा दोर सोडून इंदूच्या हातात ठेवला. "बाई, सात गावं, सात गाठी. मोजून घ्या. मानूस पुरा हाय."

इंदूने एकेक गाठ अंगठ्याने चाचपून मोजली. सातव्या गाठीवर तिचा अंगठा थांबला आणि ती रडायला लागली. मग डोळे पुसून लगेच म्हणाली, "धोतराची काय दशा करून ठेवली जी!"

वाळूत बसून तिने सगळे सांगितले. त्या गावांची रीतच आहे: पाहुणा हाती घेतला की पुढच्या शिवेवर दुसऱ्याच्या हाती द्यायचा, आणि आपली गाठ मारून दोर त्याच्या हाती दिला की मोकळे व्हायचे. ज्या गावाच्या हातून पाहुणा हरवेल त्याने बाकीच्या गावांपुढे उभे राहायचे. सुकरीने माझ्यासाठी हा दोर सोडला होता. ज्याने तिच्या नवऱ्याच्या मरणाचा वाघ केला, त्याच्यासाठी.

"पण माझे सोंग?" मी विचारले.

सुकरी प्रथमच हसली. "अवो भाऊ, सगळ्याइले मालूम होतं. चूर्नवाला इचारते का कधी, मेलेला मानूस कोन्या गावचा म्हनून?"

म्हणजे रामाजीलाही. पेन्सिल, वाघ, घोडा, सगळे आता कळले. भीती वाटली ती आत्ता, नदीच्या वाळूत, सगळे टळून गेल्यावर. ढोल्यामागे माझी झोप किती गाढ होती!

चामोर्शी, बुधवार, १४ मार्च

बातमी लिहून काढली. डरकाळी नाही, रान दणाणलेले नाही. थप्पीची उंची, खुंट्या, दबलेली जमीन, दसरूची साक्ष त्याच्या नावागावासह. लिहून झाल्यावर समाधान वाटले, म्हणून इंदूला वाचून दाखवली.

दसरूचे नाव येताच ती म्हणाली, "हे काढा."

"अग, त्याने स्वतः दिले. नावाशिवाय बातमीला दम नाही."

"दसरूले एक पाय हाय. उद्या ते आले त तो पळनार कुठी?" मग शांतपणे म्हणाली, "सुकरीले मी जबान दिली होती. पाहुना तुमी सांभाळा, तुमची नावं मी सांभाळते. त्याइनं त्याइचं केलं. आता माहं राह्यलं."

भांडलो. तावातावाने वहीसुद्धा मिटून टाकली. मग चहा झाला आणि नाव खोडले. सुकरी दारात होती, तिला विचारले, मंगरूचे आणि दिराचे तरी घालू का? ती म्हणाली, "टाका. त्याइले आता कोन मारते? अन् मी त तुमच्या दारातच हावो."

शनिवार, २४ मार्च

संपादकसाहेबांचे पत्र. आरोप गंभीर आहे, पाहणाऱ्याचे नाव असल्याशिवाय छापता येणार नाही. त्यांचेही खरेच आहे, उद्या कोर्टात उभे त्यांना राहायचे.

भीती पुन्हा आली, आणि या वेळी ती चांगली ओळखीची होती. मोडलेला हात आठवत होता. शेवटी पोस्ट बंद होण्याआधी कार्ड टाकले: "नाव हवे असेल तर माझे घाला. डेपो मी पाहिला, साक्ष मी ऐकली. आणि जानेवारीतला वाघ मीच लिहिला होता, तेही छापा." खाली पूर्ण नाव, गाव आणि सही. कार्ड पेटीत पडल्याचा आवाज ऐकला आणि घरी येऊन तीन भाकरी खाल्ल्या.

मंगळवार, ३ एप्रिल

पहिल्या पानावर आली. मथळ्याखाली 'आमच्या वार्ताहराकडून' नाही. गुणवंतराव, चामोर्शी. बावीस वर्षांत पहिल्यांदा. इंदूने ती ओळ बोटाने पुसून पाहिली, शाई ओली आहे की काय म्हणून.

सुकरीला सगळी बातमी वाचून दाखवली. नवऱ्याचे नाव आले तेव्हा तिने मला थांबवले आणि ते पुन्हा वाचायला लावले. मग तिसऱ्यांदा. वाघाचा खुलासाही तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला. टोपलीतली ओंजळभर चारोळी तिने वर्तमानपत्रावर ओतली आणि गेली.

रविवार, ८ एप्रिल

घरात चारोळी, मध, हिरडे आणि चिंच यांना जागा उरलेली नाही. बातमी आल्यापासून रोज कोण ना कोण जंगलातून बाजाराला येते आणि आमच्या ओसरीवरच पथारी टाकते. रविवारचा बाजार, पण हे बुधवारपासूनच आहेत. काल इसरू होता, आज इतवारी आणि आणखी दोघे. दोरे वळतात, इंदूची लाकडे फोडून देतात. कुऱ्हाडी भिंतीला टेकवलेल्या.

दुपारी रामाजी दुकानाशी आला. त्याने ओसरीकडे पाहिले. इतवारीने त्याच्याकडे पाहिले. "काय पाहिजे रामाजी?" मी विचारले. त्याने एक शिसपेन्सिल मागितली, टोक पाहिले आणि घेऊन गेला. त्या पेन्सिलीचे तो काय करणार, हे मला अजून कळलेले नाही.

गुरुवार, १९ एप्रिल

सरकारी चौकशी सुरू झाली. उद्या चांद्याला, जिल्ह्याच्या गावी, माझी जबानी. दसरूचे नाव मला विचारतील, आणि मी सांगणार नाही. बाकी सगळे सांगणार, वाघासकट. भीती आहे, पण पोट ठीक आहे.

इंदूने भाकऱ्या बांधल्या. मग खुंटीवरचा तो दोर काढला, सातव्या गाठीपुढे आठवी गाठ घट्ट मारली आणि दोर इतवारीच्या हातात दिला. चामोर्शीची गाठ. त्याने तो कमरेला बांधला, भिंतीची कुऱ्हाड उचलली आणि दारात उभा राहिला.

मला वाट चांगली ठाऊक आहे. पण 'कशाला येता' म्हणालो नाही. तंबाखू पुरेशी घेतली का, एवढेच विचारले.